विनाकारण ब्रेक

भांडण त्यानं सुरू केलं नव्हतं, मी केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आत्याला मी नेमकं उलटं सांगितलंय.

सकाळची वेळ होती आणि घाटात धुकं... असं दाट, की माझ्याच व्हॅनचं नाक मला दिसेना. मागे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे होते, डोंगरावरच्या हॉस्पिटलात पोचवायचे. आमची लॉन्ड्री खाली, नदीजवळ. बाबा मशीन सांभाळतात, आत्या इस्त्री सांभाळते आणि गाडी मी चालवते. म्हणजे पळवते, असं आत्या म्हणते. घाटाच्या मध्यावर एक वळण आहे, एका वेळी एकच गाडी जाईल इतकं अरुंद. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी आणि अर्धवट तुटलेला कठडा. मी हॉर्न वाजवत वळले... आणि समोर दोन पिवळे दिवे!

दोघांनीही करकचून ब्रेक दाबले. दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम एक उशी मावली असती.

मी दार आपटून खाली उतरले. "अहो, चढणाऱ्याला वाट द्यायची असते, एवढंही माहीत नाही? घ्या मागे!"

समोरच्या ट्रकमधून तो उतरला. उंच, सडसडीत, आणि इतका शांत की बघूनच माझा पारा आणखी चढला. आधी तो ट्रकच्या बाजूला गेला, काहीतरी चाचपून आला आणि मग माझ्यासमोर उभा राहिला.

"नियम तुमचा बरोबर आहे," तो म्हणाला. "पण माझ्या गाडीत काचा आहेत. चढावर मागे घेताना एक गचका बसला, की सगळ्याचा चुरा. तुमच्या गाडीत काय आहे?"

"चादरी."

"त्या फुटत नाहीत."

"माझं डोकं फुटेल ना पण!"

"ते फुटू देणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही हळूहळू मागे घ्या. मी मागे उभा राहून सांगतो."

आणि खरंच तो धुक्यात माझ्या गाडीमागे जाऊन उभा राहिला. "या... या... जरा डावीकडे... घाबरू नका, मी आहे... बास!" वळणाच्या खाली रस्ता थोडा रुंद आहे, तिथवर त्यानं मला अलगद आणून सोडलं. मग आपला ट्रक माझ्या बाजूनं नेला. ट्रकच्या दोन्ही अंगांना तिरप्या चौकटींवर मोठाल्या काचा टेकवलेल्या होत्या. त्यातल्या एकीत माझा चेहरा सरकत गेला. नाक लाल, केस पिंजारलेले. माझा हात आपोआप केसांकडे गेला.

"चांगले दिसतायत!" ट्रकमधून आवाज आला.

मी रागानं काच वर केली. हसू आलं ते नंतर, दोन वळणं पुढे गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वळण, पुन्हा तोच ट्रक. तिसऱ्या दिवशीही. मी थोडी लवकर निघाले असते तर गाठ पडली नसती, हे मला कळत होतं. पण लवकर निघायचं कशाला? त्याच्यासाठी मी माझी वेळ बदलायची?

"काय वादळबाई, आज हॉर्न लांबूनच ऐकू आला."

"काचवाले, आज तरी मागे घेणार का?"

"आज तर आरसे आहेत. मोठ्या दुकानाचे. मी मागे घेतो हो, पण फुटले तर सात वर्षांचं दुर्दैव तुमच्या माथी."

"माझ्या का?"

"मी चांगला वागतो. माझ्या माथी कोण मारेल?"

असं बोलत बोलत तो मला मागे आणायचा. मी चाक मुद्दाम थोडं उलटं वळवायची, म्हणजे त्याला "उजवीकडे, अहो उजवीकडे!" असं आणखी थोडा वेळ बोलावं लागे. मग काच सरकायची. मी केस नीट करायची, तो काहीतरी शेरा मारायचा आणि माझा दिवस सुरू व्हायचा. माणूस नियमाचा पक्का होता. निर्मनुष्य घाटातसुद्धा वळताना दिवा दाखवायचा! मी त्याची थट्टा करायची, आणि घरी जाऊन त्याचीच गोष्ट सांगायची.

"रोज भांडता?" आत्यानं एकदा विचारलं. इस्त्री चादरीवरून सरकत होती, डोळे माझ्यावर होते.

"रोज."

"मग जाताना केस का विंचरतेस?"

मी गठ्ठे मोजायला लागले.

आणि मग आल्या इंजिनिअरताई. चष्मा, पाठीला सॅक आणि बोलण्याचा सपाटा असा, की माझ्याही तोंडाचा पट्टा त्यांच्यापुढे थांबला. घाटातल्या गाड्यांमध्ये त्यांना एक नवी पेटी बसवून बघायची होती. आमची व्हॅन आणि त्याचा ट्रक, दोघांनाही त्यांनी आमच्या अंगणात बोलावून घेतलं.

"ही पेटी दुसऱ्या पेटीशी बोलते," ताई म्हणाल्या. "मध्ये मोबाइल नाही, टॉवर नाही. मी इथे आहे, माझा वेग इतका आहे, मी ब्रेक दाबला... असं सारखं सांगत राहते. घाटात मध्ये डोंगर येतो म्हणून वळणावर आम्ही एक खांब उभा केलाय. तो इकडचं बोलणं तिकडे पोचवतो. समोरची गाडी स्क्रीनवर ठिपक्यासारखी दिसेल. कुणी कुठे हळू व्हायचं ते पेटीच सांगेल. वळणावर समोरासमोर यायची वेळच येणार नाही."

ते शेवटचं वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझं लक्ष ट्रककडे होतं.

"हं, काचवाले, ब्रेक दाबा बरं," ताईंनी हाक मारली.

माझ्या व्हॅनमध्ये टिंग वाजलं. बाईच्या आवाजात पेटी म्हणाली, "पुढच्या गाडीने ब्रेक दाबला."

मला गंमत वाटली. मी खिडकीतून ओरडले, "मला नाही ऐकू आलं! परत दाबा!"

टिंग. ट्रकच्या आरशात तो हसत होता.

"परत!"

टिंग.

"अहो, पुरे!" ताई धावत आल्या. "खेळणं आहे का हे? पेटीच्या प्रत्येक बोलण्याची नोंद होते. विनाकारण ब्रेक दाबायचा नाही, विनाकारण थांबायचं नाही. नाहीतर आमची सगळी चाचणी वाया जाईल. शब्द द्या."

"दिला," तो लगेच म्हणाला.

मीही दिला. माझ्या शब्दाचं काय, मी देत असतेच.

दुसऱ्या दिवशी मी केस विंचरून निघाले. वळणाच्या बरंच अलीकडे पेटी बोलली, "समोरून वाहन येत आहे. वेग कमी करा." स्क्रीनवर निळा ठिपका वरून खाली सरकत होता. मी वेग कमी केला. पेटीनं सगळं असं बेतलं, की तो वळणातून बाहेर पडला आणि मी रुंद जागेवर पोचले. ट्रक शेजारून गेला. त्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. मी मान हलवली. काच सरकली, माझा चेहरा सरकला... आणि संपलं. शब्द नाही, भांडण नाही, "चांगले दिसतायत" नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आता रोज असंच होणार.

मला त्या पेटीचा असा राग आला म्हणून सांगू! ती गोड आवाजात "वेग कमी करा" म्हणायची आणि मी मोठ्यानं "तूच कर!" म्हणायची. थांबावं तर ताईंना शब्द दिलेला. शब्दाचं मला फारसं वाटलं नसतं, पण तो थांबत नव्हता ना! मग मीच का थांबू? मी काय गळ्यात पडतेय? बोट उचलतो म्हणे. बोट उचलायला काय लागतं?

"आजकाल भांडत नाही वाटतं?" आत्या म्हणाली.

"भांडायला वेळ कुणाला आहे!"

"हो का? म्हणून तोंड एवढंसं झालंय?" तिनं इस्त्री उभी केली. "ताकाला जाऊन भांडं लपवू नये बाई. आवडतो ना?"

आवडत होता. खूप आवडत होता. त्या धुक्यात "घाबरू नका, मी आहे" म्हणणारा आवाज मला दिवसभर पुरायचा, आणि आता तो नव्हता.

शुक्रवारी ताई पेटी तपासायला आल्या. वायरी चाचपता चाचपता सहज म्हणाल्या, "सोमवारपासून घाटात दुसरी गाडी शोधायला हवी मला. काचवाले या रस्त्यानं येणार नाहीत. नदीपलीकडे मोठी शाळा बांधतायत ना, तिच्या सगळ्या खिडक्यांचं काम त्यांच्याकडे आलंय. वर्षभर तरी तिकडेच. काचाही आता तुमच्या गावातल्या गोदामातूनच भरणार."

माझ्या हातातला गठ्ठा खाली पडला. धुतलेला. आत्यानं तो उचलला आणि पहिल्यांदाच मला रागावली नाही.

म्हणजे उरला फक्त शनिवार. माझ्याकडे त्याचा फोन नंबर नव्हता. विचारायला कधी सुचलंच नाही, रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण विचारतं? आणि शनिवारी पेटी आम्हाला पुन्हा एकमेकांच्या शेजारून गुळगुळीत नेणार. एक बोट, एक मान... आणि मग वर्षभर नदीपलीकडे.

रात्रभर कूस बदलली आणि सकाळी ठरवून टाकलं.

शनिवारी धुकं होतंच. घाट चढताना ठिपका दिसला, नेहमीसारखा, वरून खाली येणारा. पेटीनं तोंड उघडलं, "समोरून वाहन ये..." आणि मी प्लग उपसून काढला.

पेटी गप्प झाली. स्क्रीन काळी पडली.

माझा बेत साधा होता. मी हळू जाणार, वळणाच्या तोंडाशी थांबणार आणि हॉर्न वाजवणार. त्याच्या पेटीला मी दिसणार नाही, म्हणून ती त्याला थांबवणार नाही. मग पूर्वीसारखं समोरासमोर. तो उतरेल, मी उतरेन, आणि मी म्हणेन... काय म्हणेन ते वेळ आल्यावर सुचेल. तोंड आपलं चालतंच.

मी वळणाशी आले. हॉर्न वाजवला. पलीकडून उत्तर नाही. पुन्हा वाजवला. ट्रकचा आवाजच नाही. गाडी अगदी मुंगीच्या पावलांनी पुढे घेतली... आणि धुक्यातून एक माणूस धावत आला. सरळ माझ्या गाडीसमोर!

मी ब्रेक दाबला. त्याचे दोन्ही हात बोनेटवर आपटले. तोच होता. पायी. धापा टाकत, शर्ट अर्धा बाहेर, एका पायात चप्पल नाही.

मी उतरले. तो माझ्याकडे बघत राहिला. मग व्हॅनकडे, मग तुटलेल्या कठड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तू... तुझा ठिपका गेला."

"मी..."

"या कठड्याकडे येता येताच गेला! होता, होता आणि गेला! मला वाटलं... ट्रक तसाच सोडून पळालो मी. आधी दरीत बघितलं. कळतंय तुला? मी दरीत बघितलं!"

इतका शांत माणूस थरथरत होता. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणत होता, आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

"मी प्लग काढला," मी म्हणाले. "मुद्दाम."

"का?"

"तुम्ही सोमवारपासून येणार नाही म्हणून. पेटी भेटू देत नाही म्हणून. तुम्ही... एक बोट उचलता फक्त, म्हणून!"

तो हळूच खाली बसला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर. मीही शेजारी बसले.

"ताईंना या रस्त्याचं मीच सांगितलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्यांनी आमच्या मालकांकडे विचारलं होतं, कुठला रस्ता घेऊ. मी म्हटलं, हा घ्या. एक चादरींची व्हॅन या वळणावर रोज वाऱ्यासारखी येते, तिच्यात आधी बसवा."

"म्हणजे ही अवदसा तुम्ही माझ्या गाडीत घातलीत?"

"हो." तो थोडा हसला. "मग ताईंनी शब्द घेतला. आता जिच्यासाठी पेटी मागितली, तिच्यासाठीच चाचणी कशी बिघडवू? आणि खरं सांगू... मला वाईट वाटत नव्हतं. आधी तू वळणावर आलीस की मगच कळायचीस. आता तू पायथ्याला लागलीस की ठिपका दिसतो. पूर्ण घाट उतरेपर्यंत मी तुला बघत असतो. कुठे हळू झालीस, कुठे पळवलीस... मला वाटायचं, तूही बघत असशील."

मी बघत नव्हते. मी पेटीशी भांडत होते. मला माझंच हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

त्यानं शर्टच्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. छोटासा आरसा होता, तळहाताएवढा. कडा घासून घासून गुळगुळीत केलेल्या.

"बरेच दिवस खिशात आहे. द्यायला जमलं नाही," तो म्हणाला. "माझ्या काचा आता इथून जाणार नाहीत. मग केस कुठे बघशील?"

मी आरसा घेतला. नाक लाल, केस पिंजारलेले, अगदी पहिल्या दिवसासारखे. मी तोंड उघडलं. आता सांगायचं, सगळं सांगायचं... आणि मागून बसचा भोंगा वाजला. आमच्या दोन गाड्यांनी घाट अडवला होता. ड्रायव्हर खिडकीतून विचारत होता, रस्ता काय आमच्या वडिलांचा आहे का.

तो उठला. "प्लग लाव. माझ्यासमोर लाव."

मी लावला. स्क्रीन उजळली. त्याचा ठिपका वळणापलीकडे स्थिर उभा होता.

"पुन्हा कधी बंद करू नकोस," तो म्हणाला. "मी कुठल्याही रस्त्यावर असलो तरी."

आणि तो गेला. नंबर? पुन्हा राहिलाच! तोंडाचा पट्टा सगळीकडे चालतो आणि नेमका हवा तिथे अडकतो.

रविवार कसा गेला ते विचारू नका. दाराची कडी वाऱ्यानं वाजली तरी मी उठत होते. आत्या म्हणाली, "येईल गं." संध्याकाळ झाली आणि तिनंही म्हणायचं सोडलं. जिच्यासाठी दरीत बघितलं, तिला त्यानं एक शब्द सांगितला नव्हता आणि मीही सांगितला नव्हता. वर्षभर नदीपलीकडे राहिला तर माणूस विसरायला कितीसा वेळ लागतो?

सोमवारी गाडीत बसले. आरसा पेटीच्या शेजारी चिकटवला होता. केस विंचरले नव्हते. धुकं नदीवर उतरलं होतं, इतकं की पुलाचा कठडाही दिसेना. पुलानंतर रस्ता फुटतो. डावीकडे घाट, उजवीकडे नदीकाठानं ती नवी शाळा. मी पुलावर चढले.

टिंग. "पुढच्या गाडीने ब्रेक दाबला."

मी दचकून वेग कमी केला. पुढे काहीच दिसत नव्हतं.

टिंग. "पुढच्या गाडीने ब्रेक दाबला."

कोण वेडा सरळ पुलावर ब्रेक दाबतोय, असं म्हणतच होते, इतक्यात तिसऱ्यांदा वाजलं... आणि मी पेटीकडे बघितलं. स्क्रीनवर एक निळा ठिपका होता, माझ्या पुढे, अगदी हळू चाललेला. त्याच्या काचा आता गावातल्या गोदामातून भरायच्या होत्या, म्हणजे पुलापर्यंत त्याचा आणि माझा रस्ता एकच होता. हे मला का सुचलं नाही?

आणि हा माणूस, निर्मनुष्य घाटात वळतानाही दिवा दाखवणारा, ताईंना शब्द दिलेला, विनाकारण ब्रेक दाबत होता. तीनदा.

मीही दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. मी पुढे नसून मागे होते, त्याची पेटी काय बोलली असेल कोण जाणे. पण ठिपका थांबला. फाट्यापाशी, कडेला, काहीही कारण नसताना.

मी त्याच्यामागे गाडी लावली आणि धावत गेले. तो ट्रकला टेकून उभा होता.

"काल का नाही आलात?" मी पहिलंच हे विचारलं.

"आलो होतो. दारावर पाटी होती, रविवारी बंद. मी परत गेलो."

"अहो, ती पाटी लॉन्ड्रीला आहे! घर मागे आहे!"

"नियम..." तो ओशाळून म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. मग तोच हात त्यानं धरला. त्याचा तळवा काच घासून घासून खरखरीत झाला होता आणि धुक्यातसुद्धा ऊबदार होता.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "हे ब्रेक दाबून सांगत होतो. पेटीला दुसरं काही बोलता येत नाही ना, म्हणून."

"मला ऐकू आलं," मी म्हणाले. "तिन्ही वेळा. मलाही... म्हणजे मीही तेच दाबत होते."

"मग येत्या रविवारी येऊ?"

"लॉन्ड्री बंद असते."

"म्हणूनच येतो."

हॉस्पिटलला चादरी उशिरा पोचल्या. नर्सबाई रागावल्या आणि मी त्यांच्याकडे बघून हसत राहिले.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. आवाजात काळजी होती. "अगं, काचगाडीच्या पेटीत काहीतरी बिघाड दिसतोय. सकाळी पुलावर तीन ब्रेक, पुढे काही अडथळा नाही. मग फाट्यावर बराच वेळ थांबलेली, तेही विनाकारण. उद्या काढून दुसरी बसवते."

समोर आत्या इस्त्री थांबवून कान देऊन उभी होती. मी तिच्याकडे पाठ केली.

"नको ताई, बदलू नका," मी म्हणाले. "तिच्यात काही बिघाड नाही. मला सगळं नीट ऐकू येतंय."